रडकी कविता

"आता," तिसऱ्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, आणि बाईंचा आवाज भरून आला.

क्रम असा होता. आधी 'आता', मग आवाज. उलटं झालं असतं तर बाईंनी ते सोडून दिलं असतं. वर्गात निम्म्याहून जास्त गोष्टी ऐकूच आल्या नाहीत असं दाखवावं लागतं, त्याशिवाय तास पुढे सरकत नाही, आणि इतक्या वर्षांत बाईंच्या ते अंगवळणी पडलं होतं. पण दूध वर यायच्या आधी घरातलं कुणीतरी "गेलं, गेलं" म्हणतं ना, तसं ते 'आता' होतं. म्हणणारीला पुढचं माहीत होतं. बाईंनी पुस्तकातून मान वर केली. तिसऱ्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीने तोंडावर हात घेतला होता आणि तिच्या शेजारणीने रुमालाची घडी आधीच काढून मांडीवर ठेवली होती. चेष्टेसाठी नव्हे, खरंच डोळे पुसायला. चेष्टा असती तर बरं झालं असतं. बाईंनी शेवटची ओळ म्हटली, खडूचा हात लागू नये म्हणून डाव्या हाताच्या करंगळीने डोळ्याची कड टिपली, आणि टिपता टिपता त्यांचं त्या करंगळीकडे लक्ष गेलं. करंगळी कधी ठरली? पहिल्या वर्षी तर त्यांनी पदराने डोळे पुसले होते, चांगले खसाखसा, आणि खडू सगळा नाकाला लागला होता. मग केव्हातरी पदर सुटला, करंगळी आली. ते कधी झालं हे त्यांना सांगता आलं नसतं.

कविता तशी साधी होती. एक माणूस आपल्या लहानपणाबद्दल बोलतो. आई टेबलापाशी बसून विणते आहे, विणता विणता गुणगुणते आहे, आणि मूल टेबलाखाली लोकरीचा गुंडा हातात धरून बसलं आहे. गुंडा म्हटलं की मुलं दरवर्षी हसत, आणि बाई दरवर्षी त्यांना पोटभर हसू देत. हसून मोकळा झालेला वर्ग लवकर रडतो, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. आईचं गुणगुणणं दोऱ्यावरून खाली उतरतं आणि मुलाच्या तळहातात गुंडा गिरकी घेतो. मग एक कोरी ओळ येते, आणि त्या कोऱ्या ओळीपलीकडे आई नसते. 'केवढा मोठा झालो मी, टेबलाखाली मावत नाही. तरी गुंडा घट्ट धरून बसलो आहे.' इथे बाई थांबत. वर्गातला पंखा ऐकू येईपर्यंत थांबत. मग म्हणत, 'वरून कुणी ओढत नाही.' त्या थांबण्यात आवाज भरून येई, ओळ ओली होऊन बाहेर पडे, आणि वर्ग गप्प. पुढचा सगळा तास लिहून घेण्यात जाई. दोरा म्हणजे नाळ. गुंडा म्हणजे आठवण. गुणगुणणं म्हणजे वात्सल्य. लिहा, आणि 'वात्सल्य' नीट लिहा, मागच्या वर्षी निम्म्या वर्गाने आईचं वाटोळं केलं होतं. मुलं हसत, लिहीत, घंटा होई. बाईंचा हा हातखंडा धडा होता. त्या शाळेत गणिताच्या सरांचा भूमितीचा तास आणि बाईंची ही कविता, या दोन गोष्टी पाहुण्यांना दाखवण्यासारख्या होत्या.

तास संपवून त्या व्हरांड्यात आल्या तेव्हा दोन वेण्यांची आपल्या मैत्रिणीला सांगत होती, "बघ, म्हटलं होतं ना? ताईच्या वर्षीपण इथेच. ती म्हणालीच होती, रडकी कविता आली की बाईंकडे नीट बघ." मैत्रीण म्हणाली, "मला तर आधीपासूनच रडू येत होतं." बाई त्यांच्या मागून चालत होत्या. पुढे जाऊन "काय गं" म्हणावं असं काही त्या बोलण्यात नव्हतं. ते कौतुकच होतं. ताई पाच वर्षांपूर्वी शिकून गेली होती, म्हणजे निदान पाच वर्षं हे रडू दप्तरासारखं मोठीकडून धाकटीकडे चाललं होतं. शिक्षकखोलीत बसून बाईंनी वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि लाल पेन उघडलं. पेन हातात तसंच राहिलं. अंगावर कुणीतरी मागून हळूच बोट ठेवावं आणि ते बोट काढूच नये, असं काहीतरी झालं होतं.

कारण पहिल्या वर्षीचं रडू खरं होतं. याबद्दल त्यांना शंका नव्हती. नवीन पुस्तक हातात आलं तेव्हा घरी पलंगावर पडून त्यांनी ती कविता पहिल्यांदा वाचली होती, आणि अशा रडल्या होत्या की बाहेरच्या खोलीतून नवरा धावत आला होता, काय झालं, कुणाचा फोन आला म्हणून. ती त्यांचीच कविता होती. त्यांचीही आई त्या लहान असतानाच गेली. दवाखान्यात गेली आणि परत आली नाही, इतकं साधं. त्याही टेबलाखाली बसत. लोकरीचा तो किंचित ओशट वास, आईच्या सपातांच्या झिजलेल्या टाचा, वरून येणारं गुणगुणणं, टेबलाच्या खालच्या बाजूला सुताराने पेन्सिलीने केलेली खूण. हे सगळं त्यांना दिसे. खूण तर कवितेत नव्हती. ती त्यांची होती. ती आठवली की बाईंना वाटे, कवीपेक्षा आपण आईच्या जास्त जवळ बसलो होतो.

संध्याकाळी घरी आल्यावर दूध तापत ठेवून त्या ओट्याशी उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणून पाहिली. तरी गुंडा घट्ट धरून बसलो आहे. थांबल्या. आलं. डोळ्यांत पाणी, अगदी सांगितल्यासारखं. वर्ग नाही, पंखा नाही, समोर भांड्यांची मांडणी. बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "यंदाची कविता आली वाटतं." तो विमा कंपनीत होता, साधा सरळ माणूस, वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचणारा. "तुम्हाला कसं कळलं?" बाईंनी विचारलं. "कसं म्हणजे? दरवर्षी या दिवसांत तू दुधापाशी रडतेस. मी म्हटलं चला, निम्मा अभ्यासक्रम झाला." बाईंनी गॅस बंद केला. त्यांना नवऱ्याचा राग आला नाही. राग यायला त्याने काही केलं नव्हतं. फक्त स्वयंपाकघर एकाएकी लहान झाल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी एक करून पाहिलं. कविता बाजूला ठेवायची आणि आईला आठवायचं. डोळे मिटले की आई लगेच आली: खिडकीपाशी, टेबलाजवळ, हातात सुया. बाईंनी आईच्या हातातल्या सुया काढून घेतल्या. हात तसेच अधांतरी राहिले, त्यांना काय करावं ते कळेना. गुणगुणणं बंद केलं, तर आईचे ओठ गेले. टेबल काढलं, तर ज्या जमिनीवर आपण बसलो होतो तीच गेली, खालून बघायला जागा उरली नाही. चेहरा म्हणून जो राहिला तो आई नोकरीला होती त्या टेलिफोन एक्स्चेंजच्या ओळखपत्रावरचा, समोर बघणारा, दोन्ही कान दिसतील असा. तो चेहरा कुणाचाही असू शकला असता. बाई घाबरल्या. खोलीतल्या खोलीत दार सापडू नये तसं झालं. इतकी वर्षं त्या कवितेतून आईकडे जात होत्या असं त्यांना वाटत होतं, आणि आता कवितेच्या बाहेर पाय ठेवायला गेल्या तर बाहेर आईच नव्हती. त्या रात्रीपासून त्यांना एकच गोष्ट हवी होती. आईची एक तरी गोष्ट, कितीही लहान, जी पुस्तकात छापलेली नाही, जी दरवर्षी कुणाला शिकवलेली नाही, जी फक्त आपली आहे.

आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी मुख्याध्यापकांनी बोलावलं. "शुक्रवारी तपासणी आहे बाई. दोघं येतायत. तुमची ती कविता घ्या." बाई म्हणाल्या, "ती कालच झाली सर, अ तुकडीला." "झाली तर परत घ्या. उजळणी म्हणा." मुख्याध्यापकांनी टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला. "मागच्या खेपेला त्या तपासणीच्या बाईंनी पर्स उघडून रुमाल काढला होता, विसरलात? शेरा काय दिला, 'भावपूर्ण अध्यापन'. तुमच्या जिवावर आम्ही निवांत आहोत." "यंदा दुसरं काहीतरी घेते ना. तो निबंध चांगला आहे, पुलावरचा." "पुलावर कोण रडणार?" मुख्याध्यापक म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन हसले. बाईही हसल्या. अशा वेळी हसायचं असतं. त्यांच्या केबिनच्या दाराला वरून एक स्प्रिंग होती, दार आपोआप बंद होई आणि बंद होताना पाठीवर हलकी थाप मारी. बाई बाहेर पडल्या तेव्हा ती थाप त्यांना बसली.

शाळा सुटल्यावर त्या घरी न जाता दादाच्या दुकानात गेल्या. दादा त्यांचा सख्खा मोठा भाऊ, चष्म्याचं दुकान चालवायचा. आईबद्दल विचारायला जगात आता तो एकच माणूस उरला होता. दुकान अरुंद होतं, आत शिरलं की दोन्ही भिंतींवरून शेकडो रिकामे चष्मे बघत राहायचे. दादा डोळ्याला भिंग लावून एका काडीचा स्क्रू बसवत होता. "बस. आधी नंबर बघू," तो वर न बघताच म्हणाला. बहीण दुकानात आली की नंबर तपासल्याशिवाय तो तिच्याशी बोलत नसे. ही त्याची माया करण्याची रीत होती. बाई खुर्चीवर बसल्या, एक डोळा झाकला आणि भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लागल्या. "थांब," दादा म्हणाला. "तू बघत नाहीयेस, पाठ म्हणतेयस. मी बोट ठेवायच्या आत तिसरी ओळ संपली तुझी." त्याने उठून तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती. बाई चौथ्या ओळीत अडखळल्या, पाचवी दिसलीच नाही. "बघ. वाढलाय नंबर. किती वर्षं मला फसवत होतीस कोण जाणे."

"दादा, आई विणायची ना रे?"

"कोण? आई?" दादाने भिंग कपाळावर सरकवलं. "आई कधी विणणार? सकाळी डबा घेऊन एक्स्चेंजला जायची ती दिवे लागल्यावर यायची."

"रविवारी?"

"रविवारी झोपायची."

"अरे, त्या टेबलापाशी बसून. खिडकीजवळच्या. खाली सुताराची खूण होती बघ पेन्सिलीची."

"अगं, टेबल कुठून आणलंस तू? त्या खोलीत टेबल घातलं असतं तर आपण चौघं झोपलो कुठे असतो, टेबलावर?" दादा मनापासून हसला. मग बहिणीचा चेहरा बघून थांबला. "खूण असलेलं टेबल इथलं. हे. पहिल्यांदा दुकान लावलं तेव्हा तू खाली वाकून पुसत होतीस, तेव्हा दाखवली होतीस मला." त्याने स्क्रू काढायच्या हत्याराने काउंटरवर टकटक केलं. बाईंनी खाली वाकून बघितलं नाही. बघायची हिंमत झाली नाही.

"गायची तरी?" त्यांनी विचारलं. आपला आवाज त्यांना पाचवीतल्या मुलीसारखा लागला.

"गाणं? तिला आवाजच नको असायचा गं. दिवसभर कानाला ते यंत्र लावून ह्याचा नंबर त्याला जोडून दे. घरी आली की डोकं धरूनच बसायची. म्हणायची, माझ्या कानात अजून माणसं बोलतायत रे, तुम्ही तरी गप्प बसा. रेडिओसुद्धा लावायची सोय नव्हती. म्हणून आपण ती यायच्या आधी लावायचो. जिन्यात पावलं वाजली की मी कट्‌कन बंद करायचो आणि तू वहीने वारा घालायचीस."

"कुणाला?"

"रेडिओला. तापायचा ना तो. तेव्हाचे रेडिओ वरून चांगले कढत व्हायचे. हात लावला की लगेच कळायचं, लावला होता म्हणून. विसरलीस? कसली गं मास्तरीण तू." दादाने भिंग परत डोळ्यावर घेतलं आणि काडीवर वाकला. स्क्रू दोनदा निसटला. "मला तरी कुठे सगळं आठवतंय. तिचा आवाज कसा होता विचारशील तर नाही सांगता यायचा. एक मात्र आहे. ती गेल्यावर दिवसभर रेडिओ लावला असता तरी कुणी काही म्हणालं नसतं. आपण लावलाच नाही. शेवटी बाबांनी देऊन टाकला कुणाला तरी."

बाई बसथांब्यावर उभ्या राहिल्या. वही, वारा, कढत रेडिओ. त्यांनी ते सगळं मनात मांडून बघितलं, पण ते त्यांचं झालं नाही. ती दादाची आठवण होती. त्यात एक मुलगी वहीने वारा घालत होती आणि बाई तिच्याकडे बाहेरून बघत होत्या, अनोळखी मुलीकडे बघावं तसं. आल्या तेव्हा त्यांच्याकडे निदान टेबल होतं. आता टेबलही गेलं, आणि गेलेल्या टेबलाच्या जागी दुसरं काही आलं नाही. दादाचा त्यांना फार राग आला. एवढं खरं बोलायची काय गरज होती? बस आली, त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली, आणि घर येईपर्यंत काचेवर त्यांचा स्वतःचा चेहरा समोर बघत राहिला, दोन्ही कान दिसतील असा.

शुक्रवारी मागच्या बाकावर तपासणीचे दोघे बसले, एक जाडसर गृहस्थ आणि एक तरुण बाई, आणि त्यांच्या शेजारी मुख्याध्यापक. मुलांनी कपडे नीटनेटके घातले होते. बाईंनी ठरवलं होतं: थांबायचं नाही. कविता सरळ वाचायची, कोरी ओळ आली की ओलांडून जायचं, शेवटची ओळ आधीच्या ओळीला जोडून टाकायची. रडू ज्या जागेत येतं ती जागाच ठेवायची नाही. भावपूर्ण अध्यापन गेलं चुलीत. त्यांनी वाचायला सुरुवात केली. गुंड्याला मुलं पाहुण्यांच्या देखत बेताने हसली. टेबल आलं, सुया आल्या; दादाच्या दुकानातला काउंटर डोळ्यांपुढे आला आणि त्यांनी तो दूर ढकलला. "तरी गुंडा घट्ट धरून बसलो आहे वरून कुणी ओढत नाही," त्यांनी एका दमात म्हणून टाकलं आणि पुस्तक मिटलं. डोळे कोरडे ठणठणीत. तिसऱ्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या मुलीचे ओठ 'आता'साठी उघडले होते ते तसेच उघडे राहिले. शेजारणीने रुमाल हळूच परत खिशात घातला. मुख्याध्यापकांच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. बाई जिंकल्या होत्या. फक्त पुढे काय बोलायचं ते त्यांना आठवेना.

दोरा म्हणजे. दोरा म्हणजे काय? इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना ते सुचेना. पुस्तक मिटलेलं, फळा कोरा, आणि त्यांच्या समोर एक शांतता पडलेली, जी त्यांनी ठेवलेली नव्हती. वर्गातला पंखा ऐकू यायला लागला. पंखा ऐकू आला, मग बाहेरच्या जिन्यावर कुणाची तरी पावलं ऐकू आली, शिपाई असेल, पाणी घेऊन येत असेल. जिन्यात पावलं. जिन्यात पावलं, आणि कट्. गाणं अर्ध्यात तुटतं. त्या लहान मुलीच्या हातात वही आहे, ती जोरजोरात वारा घालते आहे, दादा दबक्या आवाजात म्हणतो आहे, पुरे, पुरे, बस खाली. दार उघडतं. आई चपला काढते, पिशवी खुंटीला लावते, आणि वाटेतच आहे म्हणून गेल्यासारखी रेडिओजवळून जाते. जाता जाता त्यावर तळहात टेकते. टेकलेला ठेवते, जरा जास्तच वेळ. काही बोलत नाही. मग येते आणि तोच तळहात मुलीच्या गालावर ठेवते, डाव्या गालावर. तो कोमट असतो. बाहेरून, थंडीतून आलेल्या बाईचा हात असा कोमट नसतो. कळलं मला, असं तो हात म्हणतो, आणि असू दे, असंही म्हणतो. मुलगी खाली बघते, आणि गालावर ते नुकतंच बंद केलेलं गाणं.

आई होती. कवितेच्या बाहेर, टेबलाशिवाय, सुयांशिवाय, न गाणारी, डोकं दुखणारी आई, आणि तिचा हात. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी टेबलाची कड धरली. आणि याच क्षणी त्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण वर्गात उभं राहून, समोर पंचेचाळीस चेहरे असताना, मनात आलेलं न बोलण्याची त्यांना सवयच राहिली नव्हती. "आमच्याकडे टेबल नव्हतं," त्या म्हणाल्या. मुलं सावरून बसली. "माझी आई गात नसे. तिला गाणं सोसत नसे," आणि मग जिना, रेडिओ, वही, सगळं आलं. मुलं वहीच्या वाऱ्याला हसली. बाईंनी त्यांना हसू दिलं. आवाज खाली आणला. त्यांचा हात आपोआप वर गेला आणि डाव्या गालाशी थांबला. "मग ती यायची, आणि तोच हात माझ्या गालावर ठेवायची," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. खरोखरच पुढे बोलवेना म्हणून थांबल्या. पंखा ऐकू आला. "तो कोमट असायचा," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळलं. करंगळी नाही, काही नाही, ते नुसतंच वाहत राहिलं. तपासणीचे जाडसर गृहस्थ चष्मा काढून तो पुसायला लागले. तरुण बाई खिडकीबाहेर बघत होती. दोन वेण्यांची मुलगी खाली मान घालून रडत होती, आणि रडता रडता लिहीत होती. सगळा वर्गच लिहीत होता. पेनांचा तो बारीक कुरकुर आवाज बाईंच्या ओळखीचा होता. बाई रडत असताना वर्ग लिहीत असतो, हे त्यांना नवं नव्हतं. मग दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. "बाई, रेडिओची ऊब म्हणजे काय लिहायचं?"

"लिहा," बाई म्हणाल्या. त्यांनी ठरवून म्हटलं नाही. शिंक यावी तसं ते आलं. कुणी 'काय लिहायचं' विचारलं की त्यांच्या तोंडून दुसरं काही येतच नसे. "ऊब म्हणजे थांबलेलं गाणं. तळहात म्हणजे क्षमा. स्वल्पविराम द्या. न बोलता केलेली क्षमा." खडू फळ्यावर चालला होता. 'क्षमा' हा शब्द त्यांनी ठळक काढला, खाली रेघ ओढली, आणि रेघ अर्ध्यावर असताना त्यांना कळलं, आपण काय केलं ते. हात मात्र थांबला नाही. रेघ पुरी झाली. घंटा झाली.

मुख्याध्यापकांनी व्हरांड्यातच गाठलं. "बाई, कमाल केलीत! आधी कोरडं वाचलंत तेव्हा मला वाटलं, गेला आपला शेरा. पण तो रेडिओचा भाग! ते साहेब म्हणाले, असं उदाहरण त्यांनी कुठे ऐकलं नाही. हे ठेवा हं. पुढच्या वर्षी हेच ठेवा." "सर, ते उदाहरण नव्हतं," बाई म्हणाल्या. "तेच तर!" मुख्याध्यापक म्हणाले. "अजिबात वाटलं नाही." आणि ते पाहुण्यांच्या चहाचं बघायला गेले.

पुढचा तास ब तुकडीवर होता. तिथेही कविताच घ्यायची होती. बाईंनी हात धुतले, चेहऱ्यावर पाणी मारलं, आणि मनाशी म्हणाल्या, इथे नाही. इथे नाळ, आठवण, वात्सल्य. झालं ते झालं, एकदा सांगितल्याने काही उडून जात नाही. त्या वर्गात शिरल्या तर पुस्तकं आधीच उघडलेली होती, आणि पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "बाई, अ तुकडीला तुम्ही रेडिओचं सांगितलंत म्हणे. आम्हालाही सांगा ना. त्यांच्या वहीत आहे, आमच्या वहीत नाही." मागून दोघं-तिघं म्हणाले, "सांगा ना बाई." एका तुकडीला दिलं ते दुसऱ्या तुकडीलाही द्यायचं, हा बाईंचा पहिल्यापासूनचा नेम होता, त्यावर कुणी कधी बोट ठेवू शकलं नव्हतं. बाईंनी दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं, बाहेर व्हरांडा होता, व्हरांड्यापलीकडे ऊन होतं. त्या खुर्चीपाशी गेल्या.

"आमच्याकडे टेबल नव्हतं," त्या म्हणाल्या. मुलं सावरून बसली. जिना आला, रेडिओ आला. वहीच्या वाऱ्याला मुलं हसली आणि बाईंनी त्यांना पोटभर हसू दिलं. मनातल्या मनात त्या आईला म्हणत होत्या, तू येऊ नकोस, आज तू येऊ नकोस, जिन्यातच थांब. आई आली. चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली, रेडिओवर तळहात टेकला, जरा जास्तच वेळ टेकला, कारण मघाशीही तो जरा जास्तच वेळ टेकला होता. बाईंचा हात वर गेला आणि डाव्या गालाशी थांबला. तो नुकताच धुतलेला होता, गार होता. समोरच्या बाकांवर कुणालाच पुढचं ठाऊक नव्हतं. सगळे चेहरे वर, सगळी पेनं तयार. पंखा ऐकू यायला लागला.

"आता," बाईंच्या आतून कुणीतरी हळूच म्हणालं, आणि बाईंचा आवाज भरून आला.